ग्रामीण रुग्णालयातला शॉक: एबीजी नाही, सेंट्रल लाइन नाही, पंप एकच. सलाईन किती आणि नॉरअ‍ॅड कधी?

तालुका_एमओ

कोकणातलं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. मल्टिपारा मॉनिटर, ईसीजी, सीबीसीचं मशीन, ग्लुकोमीटर आहे. सिरिंज पंप (औषध मोजून सोडणारं यंत्र) एकच. एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी), लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते), एको (हृदयाची सोनोग्राफी) यातलं काहीही नाही. जिल्हा रुग्णालय घाटातून अडीच तास.

पावसाळा लागला की तापाचे पेशंट बीपी पडलेल्या अवस्थेतच येतात. डेंगी, लेप्टो, कधी साधा न्यूमोनिया, कधी लघवीचं इन्फेक्शन अंगभर पसरलेलं. शिवाय विंचू आणि साप आहेतच. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सिस्टॉलिक (वरचं) बीपी ९०च्या वर असताना शॉक म्हणायचं का, आणि कशावरून? सलाईन नेमकं किती? एक सीनियर म्हणतात दोन लिटर सोडा आणि मग बघू. दुसरे म्हणतात ५००च्या वर जाऊ नका, फुप्फुसं भरतील. आणि सेंट्रल लाइन (मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी) नसताना नॉरअ‍ॅड (नॉरअ‍ॅड्रेनालीन, धमन्या आवळून बीपी चढवणारं औषध) हाताच्या शिरेतून सुरू करायचं, की पेशंट तसाच पुढे पाठवायचा?

आयसीयू_रात्रपाळी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

शॉक म्हणजे पेशींना ऑक्सिजन पुरत नाही ही अवस्था. बीपी पडणं हा त्यातला बराच उशिरा येणारा भाग. तरुण माणूस शिरा-धमन्या आवळून आणि नाडी वाढवून सिस्टॉलिक ११० बराच वेळ धरून ठेवतो आणि मग एकदम कोसळतो. उलट, कायम १६०-१७० असणाऱ्या म्हाताऱ्याला ११० म्हणजे शॉक असू शकतो. म्हणून जुना केसपेपर किंवा बीपीच्या गोळ्यांची पट्टी नातेवाइकांकडून आधी मागून घ्या. त्या पट्टीत मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल असेल तर नाडी ८४ बघून निश्चिंत होऊ नका, ती वाढणारच नाही.

लॅक्टेट नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका. २०१९ची अँड्रोमेडा-शॉक चाचणी दक्षिण अमेरिकेतल्या २८ आयसीयूंमध्ये ४२४ पेशंटवर झाली. एका गटाचे उपचार लॅक्टेट बघून, दुसऱ्याचे नुसती कॅपिलरी रिफिल (सीआरटी: दाबून पांढऱ्या पडलेल्या बोटात रंग परत यायला लागणारा वेळ) बघून. २८ दिवसांतले मृत्यू ४३.४ विरुद्ध ३४.९ टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, पण बोटाने केलेली तपासणी मशीनपेक्षा वाईट ठरली नाही एवढं नक्की.

पद्धत मात्र तीच हवी. तर्जनीच्या शेवटच्या पेराच्या पोटावर काचपट्टी दाबायची, पांढरं पडेल इतकी, आणि दहा सेकंद तशीच धरायची. सोडल्यावर रंग यायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर बिघाड. घाईत दोन सेकंद दाबून सोडलं तर उत्तर हमखास चुकतं. पावसात भिजून आलेल्या माणसाची बोटं मुळातच गार असतात, त्याला आधी पुसून कोरडं करा. मेंदी लावलेली असेल तर छातीच्या हाडावर दाबून बघा.

बाकी शरीराच्या तीन खिडक्या आहेत: कातडी, मेंदू, मूत्रपिंड. गुडघ्याभोवती जाळीसारखे निळसर डाग, चिडचिड किंवा गुंगी, आणि लघवी ताशी अर्धा मिली प्रतिकिलोपेक्षा कमी, म्हणजे ६० किलोला ३० मिलीच्या आत. कॅथेटर घातल्याशिवाय हा शेवटचा आकडा नुसता अंदाज राहतो. साखर ५००च्या घरात असेल तर लघवी भरपूर होत राहते आणि फसवते.

आकड्यांपैकी दोन लक्षात ठेवा. नाडी भागिले सिस्टॉलिक: साधारण ०.५ ते ०.७ ठीक, ०.९ ओलांडलं की सावध, १ म्हणजे हातातलं काम टाकून या. १०८ नाडी आणि १०४ सिस्टॉलिक, दोन्ही आकडे एकेकटे निरागस दिसतात. दुसरा, पल्स प्रेशर, म्हणजे वरच्या आणि खालच्या बीपीतला फरक. १००/८४ हे बीपी ९०/५०पेक्षा कितीतरी वेळा जास्त धोक्याचं असतं, विशेषतः डेंगीत.

आणि मॉनिटरचा कफ. ते यंत्र मुळात मीन प्रेशर (सरासरी दाब) मोजतं, सिस्टॉलिक (वरचं) आणि डायस्टॉलिक (खालचं) त्यावरून काढतं. बीपी फार पडलं किंवा ठोके अनियमित असले की वरचा आकडा वाट्टेल तो येतो. मीन बघा. हाताने मोजत असाल तर डायस्टॉलिकची दुप्पट अधिक सिस्टॉलिक, भागिले तीन. ८०/५० म्हणजे मीन ६०. ध्येय ६५.

मेडिसिन_कट्टा

सलाईन किती हे ठरवण्याआधी शॉक कुठल्या जातीचा हे ठरवावं लागतं, नाहीतर दोन्ही सीनियर आपापल्या परीने बरोबर आणि पेशंट चुकीच्या हातात. एकोशिवाय हे बरंच जमतं. हात धरा, मानेच्या शिरा बघा, फुप्फुसाचे तळ ऐका.

हात गरम, नाडी उसळती, डायस्टॉलिक ४०-४५: धमन्या सैल पडल्यात. सेप्सिस, अ‍ॅनाफायलॅक्सिस. (सेप्सिस उशिरा आला तर हात गार असतात, त्यामुळे गार हातांनी सेप्सिस बाद होत नाही.) हात गार, मानेच्या शिरा सपाट, फुप्फुसं साफ: आतलं पाणी किंवा रक्त गेलंय. जुलाब, रक्तस्राव, डेंगीतली गळती. बाईमाणूस, वय १५ ते ४५, पोटात दुखतंय, पांढरीफटक: लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नका, गर्भनलिकेतला गर्भ फुटलेला असतो. हात गार, शिरा फुगलेल्या, फुप्फुसात खरखर: हृदय. शिरा फुगलेल्या पण फुप्फुसं साफ: वाट कुठेतरी अडली आहे. हृदयाभोवती पाणी, फुप्फुसाच्या धमनीत गुठळी, एका बाजूला ताणाचा न्यूमोथोरॅक्स. याच गटात उजव्या बाजूचा हार्ट अटॅकही बसतो. खालच्या भिंतीचा अटॅक ईसीजीवर दिसला की छातीच्या उजव्या बाजूला व्ही४आर (ईसीजीची उजवीकडची लीड) काढायचाच, आणि त्यात उजव्या बाजूचा अटॅक दिसला तर जिभेखाली सॉर्बिट्रेट (नायट्रेटची गोळी) ठेवायची नाही. उजवा कप्पा पूर्णपणे परत येणाऱ्या रक्तावर अवलंबून असतो, नायट्रेटने ते रक्त शिरांमध्येच अडकतं आणि बीपी खाटेवरच संपतं.

नाडी ४५ आणि बीपी ७०? तापाचा विचार सोडा. ऑरगॅनोफॉस्फरस, पिवळी कण्हेर, हार्ट ब्लॉक, बीटा ब्लॉकरचा ओव्हरडोस. आणि साखर सगळ्यांची बघायची, कारण विचारत बसू नका.

विंचवाबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण इथे नेहमीचा हात चुकतो. लाल विंचू चावलेला माणूस घामाने डबडबलेला, लाळ गळणारा, हातपाय बर्फ. हे सगळं शॉकसारखं दिसतं आणि हात आपोआप सलाईनकडे जातो. पण सुरुवातीला धमन्या कॅटेकोलामाइनने (अ‍ॅड्रेनालीनसारख्या द्रव्यांनी) घट्ट आवळलेल्या असतात, बीपी बऱ्याचदा वाढलेलं असतं आणि हृदय त्या ओझ्याखाली थकत असतं. त्यावर लिटरभर सलाईन म्हणजे पल्मनरी एडीमा (फुप्फुसात पाणी) ओढवून घेणं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच कोकणात प्राझोसिन (आवळलेल्या धमन्या सैल करणारं औषध) रुजवलं ते यासाठी. साधी गोळी, सस्टेन्ड रिलीज नव्हे. मोठ्या माणसाला ५०० मायक्रोग्रॅम, मुलांना ३० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो, तीन तासांनी पुन्हा, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत. गोळीनंतर पेशंटला उठवायचं नाही. सोबत मिळेल तर विंचवाची लस, म्हणजे प्रतिविष. घामाने-उलटीने गेलेलं पाणी तोंडाने भरून काढा. बीपी आधीच पडून फुप्फुसं भरलेली असतील तर प्राझोसिनआधी डोब्युटामिनने हृदय सावरावं लागतं.

भूलतज्ज्ञ_सातारा

आता सलाईन. सेप्सिससाठी २०२१ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं पहिल्या तीन तासांत ३० मिली प्रतिकिलो सुचवतात, म्हणजे ६० किलोला १८०० मिली. ही शिफारस 'कमकुवत' दर्जाची आहे हे कुणी सांगत नाही. व्हेंटिलेटर आहे, पंप आहेत, रात्रभर कुणीतरी उशाशी आहे अशा ठिकाणी ती निभावते. जिथे हे नाही तिथे काय झालं? २०११ची फीस्ट चाचणी, केनिया-युगांडा-टांझानिया, ताप आणि रक्ताभिसरण बिघडलेली मुलं: बोलस (शिरेतून भराभर सोडलेलं पाणी) दिलेल्यांत ४८ तासांत १०.५ टक्के दगावली, न दिलेल्यांत ७.३. झांबियात मोठ्यांवर, २०१७: भराभर सलाईन आणि प्रोटोकॉलवाल्या गटात ४८.१ टक्के मृत्यू, नेहमीच्या उपचारांत ३३. तिथले बरेच पेशंट एचआयव्हीचे आणि रक्त कमी असलेले होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. पण 'दोन लिटर सोडा मग बघू' यातलं 'मग बघू' घातक आहे, एवढं त्यातून घ्या.

म्हणून ५०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट) १५ ते ३० मिनिटांत, आणि लगेच पुन्हा खाटेशी. सीआरटी, पल्स प्रेशर, श्वासाचा वेग, फुप्फुसाचे तळ. सुधारलं आणि अजून गरज दिसते, तर पुढचे ५००. श्वास वाढला, सॅच्युरेशन घसरलं, तळाला नवी खरखर आली: थांबा, आकडा कितीही कमी असो. लिटरभरात सुधारणा नाही, किंवा डायस्टॉलिक पहिल्यापासूनच ४५च्या खाली आहे, तर सलाईनची वाट न बघता नॉरअ‍ॅड. हृदयाचा संशय असेल तर २५०च्या वर एका वेळी नाही.

किडनी बिघडलेली म्हणून आरएल नको, पोटॅशियम आहे, असं अजूनही ऐकू येतं. आरएलमध्ये पोटॅशियम लिटरला ४ मिलीमोल आहे, स्वतःच्या रक्ताइतकंच. ते पोटॅशियम वाढवत नाही; लिटरवारी एनएसने (साधं मिठाचं सलाईन) होणारी आम्लता वाढवते. स्टार्चच्या सलाईनच्या बाटल्या कपाटात असतील तर तिथेच राहू द्या, सेप्सिसमध्ये त्या किडनी घालवतात.

डेंगीचं गणित मात्र निराळं आणि ते पाठच हवं. ताप उतरतो त्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, प्लाझ्मा गळतो. पल्स प्रेशर २० किंवा कमी म्हणजे शॉक, सिस्टॉलिक कितीही असो. बीपी टिकून असेल तर ५ ते १० मिली प्रतिकिलो तासाभरात. सुधारलं की ताशी ५-७ मिली प्रतिकिलो एक-दोन तास, मग ३-५ दोन-चार तास, मग २-३. बीपी पडलेलं असेल तर २० मिली प्रतिकिलो १५ मिनिटांत, मग १० मिली प्रतिकिलो तासाभरात, मग तीच उतरंड. वजन जाड्या माणसाचं आदर्श धरायचं, काट्यावरचं नव्हे. दर पायरीला हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा). तुमच्याकडे सीबीसीचं मशीन आहे, म्हणजे सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहेच. पेशंट बिघडलेला आणि हिमॅटोक्रिट चढलेलं: गळती चालू, पाणी द्या. पेशंट बिघडलेला आणि हिमॅटोक्रिट उतरलेलं: आत कुठेतरी रक्त वाहतंय, रक्त द्या. हा दुसरा प्रसंग 'हिमॅटोक्रिट सुधारलं' म्हणून सोडून दिला जातो, तिथे जीव जातो. प्लेटलेटच्या आकड्यामागे धावण्यात जो वेळ जातो त्यातला निम्मा इकडे द्यावा.

गळती २४ ते ४८ तासांत थांबते आणि तेच पाणी रक्तात परत येतं. त्यानंतरही कुणी 'मेंटेनन्स' म्हणून ताशी १०० मिलीने सलाईन चालू ठेवलं तर पेशंट बरा होताना बुडतो.

तालुका_एमओ

हिमॅटोक्रिट उतरण्याचा मुद्दा लिहून भिंतीवर लावतो. अँटिबायोटिक काय सुरू करायचं? आणि नॉरअ‍ॅडचं कुणी नीट सांगेल का? पंप एकच आहे आणि तो बहुतेक वेळा मॅग्नेशियम किंवा इन्सुलिनला लागलेला असतो.

मेडिसिन_कट्टा

कोकण, पावसाळा, ताप आणि शॉक, डेंगीची चाचणी निगेटिव्ह किंवा शंकास्पद: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ ग्रॅम शिरेतून, अधिक डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ, तोंडाने किंवा नळीने. लेप्टो आणि स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) दोन्ही झाकले जातात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन एकट्याने स्क्रबला काही होत नाही, म्हणून काखेत, जांघेत, स्तनाखाली चाव्याची काळी खपली शोधा. कल्चरची बाटली असेल तर आधी रक्त घ्या; नसेल तर त्यासाठी थांबू नका, पहिला डोस तासाभराच्या आत. मलेरियाची पट्टी त्याच सुईच्या रक्तातून. लाल डोळे, कावीळ आणि थुंकीत रक्ताची रेघ दिसली तर लेप्टोचं फुप्फुस रक्ताने भरतंय, तिथे पाण्याचा हात आखडता आणि रेफरल लवकर.

सिस्टर_क्रिटिकल_केअर

डॉक्टर, नॉरअ‍ॅड हाताच्या शिरेतून चालतं. सेंट्रल लाइन नाही म्हणून तासन्‌तास मीन ५०वर ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण पुढच्या गोष्टी पाळल्या तरच.

शीर कोपराच्या आसपास किंवा वर, हिरवी १८ किंवा गुलाबी २० नंबरची. मनगट आणि हाताची पाठ नको. रक्त उलट येतं ना ते बघून मगच जोडायचं. त्या लाइनवर दुसरं काहीही नाही, अँटिबायोटिक नाही, फ्लश (नळी धुवायला मारलेलं सलाईन) नाही. फ्लश मारला की नळीत साठलेलं नॉरअ‍ॅड एकदम आत जातं आणि बीपी २२० दिसतं. बीपीचा कफ दुसऱ्या हाताला. त्याच हाताला लावला तर दर पाच मिनिटांनी औषध अडतं आणि कफ सुटला की उसळून जातं. चार्टवर बीपीची लाट दिसते आणि कारण कुणाला कळत नाही.

अँप्युलचं लेबल मोठ्याने वाचायचं. नॉरअ‍ॅड्रेनालीन बायटार्ट्रेट (मिठाच्या रूपातलं) २ मिग्रॅ म्हणजे बेस (नुसतं मूळ औषध) १ मिग्रॅ. २ मिलीच्या अँप्युलवर कुठे मिठाचे ४ लिहिलेले असतात, कुठे बेसचे २. औषध तेच, आकडा दुप्पट. यात गोंधळ झाला की पेशंटला अर्धा डोस जातो आणि सगळे म्हणतात 'नॉरअ‍ॅड लागू पडत नाही'. खालचे सगळे आकडे बेसचे आहेत.

पंप असेल तर ४ मिग्रॅ ५० मिली डी५मध्ये (५ टक्के ग्लुकोजचं सलाईन), मिलीला ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोला ०.१ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट म्हणजे ताशी ४.५ मिली.

पंप नसेल तर ४ मिग्रॅ ५०० मिली डी५मध्ये, मिलीला ८ मायक्रोग्रॅम, मायक्रोड्रिप सेटवर. त्या सेटला मिलीला ६० थेंब, म्हणजे मिनिटाचे थेंब आणि ताशी मिली एकच आकडा. ६० किलोला २२ थेंब म्हणजे साधारण ०.०५, ४५ थेंब म्हणजे ०.१. सुरुवात २२ने, दर पाच मिनिटांनी बीपी बघत वाढवायचं. ९० थेंबांच्या पुढे जायची वेळ आली तर थेंब वाढवू नका, बाटली दुप्पट जाडीची करा. नेहमीचा २० थेंबांचा सेट यासाठी वापरायचा नाही, एका थेंबाच्या चुकीत तिप्पट औषध जातं. पेशंटने कोपर दुमडला की थेंब बदलतात, म्हणून हात पट्टीवर सरळ बांधायचा आणि थेंब दर १५ मिनिटांनी घड्याळ लावून मोजायचे. नवी बाटली जुनी संपायच्या वीस मिनिटं आधी तयार हवी.

शिरेची जागा दर तासाला बघायची. पांढरी, गार, कडक झाली तर थेंब बंद, सुई काढण्याआधी तिच्यातूनच जितकं येईल तितकं ओढून घ्यायचं, आणि दुसऱ्या हातात लगेच सुरू. फेंटोलामाइन (आवळलेल्या शिरा सैल करणारा उतारा) ५ ते १० मिग्रॅ १० मिली एनएसमध्ये बारीक सुईने भोवती टोचतात. ते तालुक्याला मिळत नाही. टर्ब्युटालिन १ मिग्रॅ त्याच पद्धतीने चालतं, ते दम्यासाठी कपाटात असतंच बऱ्याचदा. गार शेक द्यायचा नाही.

आयसीयू_रात्रपाळी

सिस्टरच्या पोस्टला जोड. नॉरअ‍ॅड ०.२५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिटाच्या पुढे चाललं तर व्हॅसोप्रेसिन (बीपी चढवणारं दुसरं औषध) मिनिटाला ०.०३ युनिट जोडायचं. २० युनिट ४० मिलीत, ताशी ३.६ मिली, ते मात्र पंपावरच. हायड्रोकॉर्टिसोन ५० मिग्रॅ सहा तासांनी. डोपामाइन कपाटात आहे म्हणून सुरू करू नका. २०१०च्या १६७९ पेशंटच्या चाचणीत त्याने हृदयाची लय नॉरअ‍ॅडच्या दुप्पट वेळा बिघडवली, २४ टक्के विरुद्ध १२.

अ‍ॅनाफायलॅक्सिसला (जिवावरची अ‍ॅलर्जी) यातलं काहीच नाही. सापाची लस चालू असताना अंगावर गांधी, घसा घरघरतोय, बीपी ६०: लस थांबवा, अ‍ॅड्रेनालीन अर्धा मिली, एकास हजारचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. आडवं झोपवा, पाय वर, बसवू नका. पाच मिनिटांत उतार नाही तर पुन्हा तेवढंच. अविल आणि हायड्रोकॉर्ट नंतर, हवं तर. ते आधी देऊन परिणामाची वाट बघणं हीच इथली नेहमीची चूक. सावरल्यावर लस पुन्हा सुरू करायची, साप अजून अंगात आहे.

तालुका_एमओ

शेवटचं. निघताना काय काय?

भूलतज्ज्ञ_सातारा

दोन चालू शिरा, त्यातली एक रिकामी राखीव. कॅथेटर. नॉरअ‍ॅडची दुसरी बाटली मिसळून, लेबल लावून. घाटात थेंब मोजणं अवघड, तेव्हा तो एकमेव पंप या पेशंटबरोबर जाऊ द्या आणि तो ज्याला लागलेला होता त्याचं इन्सुलिन तेवढ्यापुरतं स्नायूत किंवा त्वचेखाली आणा. पंपाची बॅटरी निघण्याआधी चार्ज झालेली आहे का ते प्लग काढून बघा, दिवा बघून नाही.

ऑक्सिजन मोजून घ्या. बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर. मिनिटाला १० लिटरने तो बरोबर १५० मिनिटं चालतो, म्हणजे तुमचे अडीच तास, आणि घाटात एखादी दरड आली की शून्य. दोन घ्या. कॉन्सन्ट्रेटर गाडीत कामाचा नाही.

१०८ला फोन करताना 'बीपी लो' एवढंच न सांगता नॉरअ‍ॅड चालू आहे हे सांगा, म्हणजे डॉक्टर असलेली गाडी मागता येते. पोहोचायच्या ठिकाणी फोनवर बोलून बेड नक्की करा. चिठ्ठीवर आल्यापासून दिलेलं एकूण सलाईन मिलीत, झालेली लघवी मिलीत, नॉरअ‍ॅड कुठल्या जाडीचं आणि किती थेंब, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसची वेळ, शेवटचं हिमॅटोक्रिट. आणि बाटलीवर मिग्रॅ लिहिताना पुढे 'बेस' हा शब्द लिहा, नाहीतर तिथे पोचल्यावर कुणीतरी त्याची पुन्हा दुप्पट किंवा निम्मं करेल.